पगारकाकांची त्रुटीपूर्तता

पगारकाकांच्या घरात तीन कॉम्प्युटर आहेत आणि तिघांनाही सेवापुस्तक आहे.

सेवापुस्तक म्हणजे सरकारी नोकराची कुंडली. तो कधी रुजू झाला, बदली कुठे झाली, रजा किती घेतली, वेतनवाढ कधी मिळाली, कोणत्या साहेबाने काय शेरा मारला, सगळं त्यात असतं. काकांनी चौतीस वर्षं एका सरकारी कार्यालयाच्या आस्थापना शाखेत बसून दुसऱ्यांची सेवापुस्तकं लिहिली. निवृत्त झाल्यावर लिहायला माणसं उरली नाहीत, तेव्हा त्यांनी घरातले कॉम्प्युटर धरले. पहिल्या पानावर 'शरीरावरील ओळखीची खूण' असा रकाना असतो. तिथे काकांनी सुवाच्य अक्षरात लिहिलंय, 'उजव्या अंगास लांब ओरखडा.' जातीच्या रकान्यात 'लागू नाही.' रजेच्या पानावर 'तीन दिवस विनापरवानगी गैरहजर, कारण: सुरूच झाला नाही.' रॅम दोनाची चार केली ती वेतनवाढ म्हणून नोंदलेली आहे, खाली सही आणि तारखेसह.

तिघांना हुद्देही आहेत. मुलगा इंजिनिअरिंगला असताना घेतलेला तो वरिष्ठ. निवृत्तीनंतर काकांनी स्वतःसाठी घेतलेला तो कनिष्ठ. आणि कॉलेज रोडवरचा एक सायबर कॅफे बंद पडला तेव्हा लिलावात उचललेला तो कंत्राटी. "कंत्राट्याकडून जास्त अपेक्षा ठेवू नये, मॅडम," काका मला सांगतात. "त्याला पेन्शन नाही, तो जीव तोडून का काम करेल?"

आमची ओळखसुद्धा अर्जाने झाली. मी एका शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवते. शिकवणं आणि दुरुस्त करणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत सांगून सांगून माझी जीभ झिजली. कोणाचा प्रिंटर अडकला, कोणाच्या मोबाइलमधले फोटो गेले, एकदा तर कोणाचा मिक्सर बंद पडला, की बेल आमचीच वाजते. मला नाही म्हणता येत नाही, आणि हो म्हटल्यावर दिवसभर चरफडत बसायची सवय आहे. शिवाय काम हाती घेतलं की ते तडीस नेल्याशिवाय मला चैन पडत नाही. "समोरच्याला ते हवंय की नाही, हे एकदा विचारत जा," असं माझा नवरा म्हणतो. त्याचं मी कधी मनावर घेतलं नाही.

तर पाच वर्षांपूर्वी आम्ही इथे नवीनच राहायला आलो होतो. एका सकाळी दार उघडलं, तर समोर इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि हातात दोन कागद असे एक गृहस्थ.

"मी पगार."

मला वाटलं, वॉचमनचा पगार न्यायला कोणी आलंय. "सेक्रेटरींकडे मिळेल," मी म्हटलं.

"आडनाव आहे, मॅडम. रंगनाथ पगार. तळमजला, एक नंबर. मूळ सटाण्याकडचे." त्यांनी हे इतक्या शांतपणे सांगितलं, की आयुष्यभर हेच सांगत आले असावेत. आमच्या जिल्ह्यात या आडनावाची घरं पुष्कळ आहेत, पण कार्यालयात बसून सगळ्यांची पगारबिलं काढणारे पगार बहुधा हे एकटेच. दर एक तारखेला लोक कसे "पगार आले का, पगार?" असं दोनदा विचारायचे, हे त्यांनी मला नंतर न हसता सांगितलं.

हातातला कागद त्यांनी पुढे केला. 'विषय: आपल्या सवडीनुसार संगणकविषयक तांत्रिक सल्ला मिळणेबाबत. महोदया, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की...' असं एक पान भरून होतं.

"काका, नुसतं सांगितलं असतंत तरी आले असते हो."

"तोंडी नको. तोंडीला आधार नसतो." मग दुसरा कागद पुढे आला. "ही स्थळप्रत, माझ्याकडे राहील. यावर पोच द्या."

मी गाऊनवर, एका हाताला कणीक लागलेली, दारात उभी राहून पोच दिली. त्यांनी सही तपासली, तारीख राहिली होती ती घालून घेतली, नमस्कार केला आणि ते जिना उतरून गेले.

संध्याकाळी मी खाली गेले. घर लख्ख आवरलेलं. पगारकाकू जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. हेमंत नावाचा एकुलता एक मुलगा बंगळूरला, त्याची बायको आणि एक मुलगी तिकडेच. हेमंतच्या खोलीत भिंतीला लावून तीन टेबलं, तीन खुर्च्या आणि तीन कॉम्प्युटर ओळीने होते. त्यांवर काकूंनी जुन्या साड्यांची शिवलेली कव्हरं होती.

"दुपारी चार वाजता हजेरी असते," काका म्हणाले. रोज चारला ते तिघांना चालू करत, अर्धा तास चालू ठेवत आणि बंद करत. काही कामाशिवाय. जुन्या कॉम्प्युटरच्या पंख्यांना आवाज फार. तीन पंख्यांचा मिळून जो घूं असा आवाज व्हायचा, तो पार बाहेरच्या खोलीपर्यंत यायचा. मी कुरकुर केली तर म्हणाले, "असू द्या हो. घरात कोणीतरी काम करतंय असं वाटतं."

तिघांची तब्येत मी तपासली. वरिष्ठाच्या आतला सेल मेला होता, त्यामुळे दर वेळी चालू केला की त्याची तारीख कित्येक वर्षं मागे जायची. काकांना हे फार गंभीर वाटलं. "जन्मतारखेत खाडाखोड," ते म्हणाले. "अशाने हा रिटायरच व्हायचा नाही." कंत्राटी अधूनमधून आपोआप बंद पडायचा. त्याला काकांनी कारणे दाखवा नोटीस काढली होती आणि ती त्याच्याच अंगावर चिकटवली होती: 'वारंवार बंद पडण्याबाबत आपला लेखी खुलासा चोवीस तासांत सादर करावा.' मी आतली धूळ फुंकून काढली, पंखा मोकळा केला, तो नीट चालायला लागला. काकांनी नोटिशीखाली शेरा मारला, 'खुलासा समाधानकारक. समज देऊन सोडण्यात येत आहे.'

दोनेक वर्षांनी तिन्ही कॉम्प्युटर पुरते सुधारायचं काकांनी काढलं, तेव्हा मी त्यांना साधा उपाय सांगितला. नवीन काही घेऊ नका. जुन्या हार्ड डिस्कमध्ये चकती फिरत असते, ती म्हातारी झाली की सगळं रखडतं. तिच्या जागी एसएसडी टाका, तिच्यात फिरणारं काही नसतं, म्हातारा कॉम्प्युटरसुद्धा पळायला लागतो. जोडीला रॅम वाढवा. थोडक्या खर्चात तिन्ही पाच वर्षं चालतील. दोन दुपारींचं काम होतं.

काकांनी त्याला तीन वर्षं लावली.

आधी टिप्पणी लिहिली. मग तीन दुकानांतून तीन दरपत्रकं मागवली. मग तुलनात्मक तक्ता केला. एकदा मी त्यांच्याबरोबर कॅनडा कॉर्नरच्या एका दुकानात गेले होते. काकांनी दुकानदाराला सांगितलं, "दर बंद लिफाफ्यात द्या. तिघांचे लिफाफे मी एकदमच उघडणार आहे." दुकानदार माझ्याकडे बघत म्हणाला, "ताई, काकांना रॅम घ्यायचीये का धरण बांधायचंय?" लिफाफा मात्र त्याने दिला. असा एक एक करत कनिष्ठ झाला, कंत्राटी झाला. वरिष्ठाचं घोडं अडलं ते अडलंच. कधी दरपत्रकांची मुदत संपायची, कधी दर चढायचे, कधी काकाच म्हणायचे, "पुढच्या तिमाहीत बघू." मी आपली वरच्या मजल्यावर धुसफुसत बसायचे.

"पण काका, एका माणसाला तीन कॉम्प्युटर हवेत कशाला?" असं मी शेवटी एकदा विचारलं.

त्यांनी कपाटातून लाल फितीने बांधलेली फाइल काढली. वर विषय लिहिला होता: 'चि. हेमंत यांचे सहकुटुंब एक महिना नाशिक मुक्कामाबाबत.'

त्याचं असं झालं होतं. काकू गेल्यावर काकांनी एकदा फोनवर हेमंतला म्हटलं, आता तुमचं काम घरून चालतं, तर मे महिनाभर इथूनच करा, नात पण राहील. हेमंत म्हणाला, "बाबा, तिथे काम कसं करणार? आपले कॉम्प्युटर कुठे धड आहेत? मला लागतो, अनघाला लागतो, इराचा क्लास असतो." दुसरा कोणी बाप असता तर हिरमुसला असता. काकांनी ते कागदावर घेतलं. 'त्रुटी क्रमांक एक: संगणक सुस्थितीत नसणे. संख्या तीन.'

ज्यांनी सरकारी कचेरीत कधी अर्ज केलाय त्यांना त्रुटी म्हणजे काय ते सांगायला नको. आपण हौसेने अर्ज देतो, तो महिन्याने परत येतो आणि वर लिहिलेलं असतं, 'खालील त्रुटींची पूर्तता करून फेरसादर करावा.' आपण पूर्तता करतो, की पुढची त्रुटी निघते. हेमंतच्याही निघत गेल्या. इंटरनेट हळू आहे. काकांनी नवीन कनेक्शन घेतलं. लाइट जाते. काकांनी इन्व्हर्टर बसवला. मे महिन्यात उकडतं. कूलर आला. खुर्च्यांनी पाठ दुखते. खुर्च्या बदलल्या. प्रत्येक त्रुटीसमोर 'पूर्तता केली' असा शेरा आणि तारीख होती. उघडी होती फक्त पहिली, कारण वरिष्ठ बाकी होता.

मला एक साधी शंका आली. "काका, हेमंतला कंपनीचा लॅपटॉप असेल की. त्याला तुमचा कॉम्प्युटर हवाय कशाला?"

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तो मुद्दा त्रुटीत नमूद नाही," ते म्हणाले. "जे काढलंय त्याचीच पूर्तता करायची असते." आणि फाइल बांधून टाकली.

हेमंतचा फोन रविवारी अकराला यायचा. काकांना एका कानाने कमी ऐकू येतं, त्यामुळे फोन स्पीकरवर आणि आवाज चढा. वर आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत सगळं ऐकू येतं. मी मुद्दाम ऐकत नाही, पण खिडकी काय बंद करायची? आम्ही आलो तेव्हा तो फोन दीड मिनिटाचा असायचा. जेवलात का? हो. गोळ्या घेतल्या? हो. तिकडे पाऊस आहे का? आहे. ठेवू मग? ठेव. बापलेकाला बोलायला विषयच नव्हता, मधे बोलणारी होती ती गेली होती. ही त्रुटीची भानगड सुरू झाली आणि फोन पंधरा मिनिटं, वीस मिनिटं चालायला लागला. "काय बाबा, वरिष्ठ काय म्हणतोय?" इथून सुरुवात व्हायची. मग रॅम कुठली घ्यायची, कोणत्या दुकानदाराने फसवायला बघितलं, इन्व्हर्टरला पाणी घातलं का, असं काय काय. काका हसायचे. मला त्यांचं हसू त्या रविवारच्या वीस मिनिटांतच काय ते ऐकू यायचं.

यंदा फेब्रुवारीत काका पुतणीच्या लग्नाला सटाण्याला गेले. दारावर कागद लावला, 'दौऱ्यावर: चार दिवस.' आणि मला घराचा कार्यभार हस्तांतरित केला. किल्ली एक, तुळस एक, कुंड्या सात, कॉम्प्युटर तीन, अशी यादी. मी रुजू झाल्याची सही केली.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. तुळशीला पाणी घालता घालता माझ्या डोक्यात आलं, मे महिना तोंडावर आलाय. हा वरिष्ठ नाही झाला तर पोरगं यंदाही यायचं नाही. म्हाताऱ्याचा तीन वर्षांचा जीव एका डबड्यात अडकलाय. आपल्याला अर्ध्या तासाचं काम. दरपत्रकं गेली खड्ड्यात, सामान आपण आपल्या खर्चाने आणू. आधी आत काय काय बसतंय ते बघावं म्हणून मी वरिष्ठाचं झाकण उघडलं आणि बघतच राहिले. आत नवी कोरी एसएसडी होती. रॅमही नवी, दोन्ही जागच्या जागी, व्यवस्थित स्क्रू लावून. फक्त एसएसडीची वायर सुटी होती. तिची नीट घडी करून तिला रबर बँड लावलेलं होतं.

मला हसू फुटलं. एवढं सगळं बसवलं आणि वायर जोडायचं कळलं नाही! कोणाला विचारायची लाज वाटली असणार, असं मी धरून चालले. मी रबर बँड काढलं, वायर जोडली, नवा सेल टाकला, सिस्टिम भरली. चार वाजेपर्यंत वरिष्ठ पोरासारखा पळायला लागला होता. मला इतका आनंद झाला की मी तिन्ही कॉम्प्युटर चालू करून हजेरी पण घेतली.

काका परतले तेव्हा मी त्यांना चप्पल काढायचीही उसंत दिली नाही. हाताला धरून खोलीत नेलं, बटण दाबलं. पंधरा सेकंदांत पडदा उजळला, तारीखही आजची.

"झाला म्हणायचा," काका म्हणाले.

"वायर राहिली होती तुमची!"

"हो का." त्यांनी बटण दाबून पडदा बंद केला. मग म्हणाले, "मॅडम, तुमचा शनिवार गेला. आभारी आहे." आणि आत जाऊन पिशवीतले कपडे काढायला लागले.

मला राग आला. आभाराचं पत्र येईल, जावक क्रमांकासह येईल, मी ते फ्रिजवर लावेन, इथपर्यंत मी स्वप्न बघितलं होतं. पत्र आलं नाही. काम केल्याचं कौतुक झालं नाही की मी दोन दिवस धुमसते. तरी रविवारी अकराला मी साबुदाण्याची खिचडी घेऊन मुद्दाम खाली गेले. हेमंतची प्रतिक्रिया मला ऐकायचीच होती.

फोन आला. "काय बाबा, वरिष्ठ काय म्हणतोय?"

"आहे... चाललंय तसं," काका म्हणाले.

मला राहवेना. मी फोनकडे वाकून ओरडले, "हेमंत, मी वरच्या मजल्यावरची बोलतेय! झाला तुमचा वरिष्ठ! तिन्ही एकदम फर्स्ट क्लास पळतायत. आता काही बाकी नाही. बोला, मेमध्ये कधी येताय?"

मला वाटलं, फोन कटला.

"अं... हो का?" मग तो म्हणाला. "वा. थँक यू, मॅडम. बाबा, मी... अनघाशी बोलतो. इराच्या कॅम्पचं पण काहीतरी आहे. कळवतो तुम्हाला."

"हो हो. सावकाश," काका म्हणाले.

फोन बंद झाला. काकांनी तो पालथा ठेवला. "खिचडी छान झालीये," ते म्हणाले. डबा त्यांनी अजून उघडलाही नव्हता.

पुढच्या रविवारी अकरा वाजले, सव्वाअकरा वाजले, खालून आवाज नाही. नंतर कळलं, मेसेज आला होता, कामात आहे म्हणून. त्याच्या पुढच्या रविवारी फोन आला. जेवलात का? हो. गोळ्या? हो. ठेवू? ठेव. मी खिडकीशी पोळी भाजत होते, ती करपेपर्यंतही बोलणं चाललं नाही. चारची हजेरीही थांबली. तीन पंख्यांचा तो आवाज मला एरवी नको व्हायचा, तो ऐकू येईना तशी मी अस्वस्थ झाले आणि एका दुपारी खाली गेले.

काका बाहेरच्या खोलीत नुसते बसले होते. समोर पेपर होता, तो घडीतच होता.

"मी लावते हेमंतला फोन," मी बसल्या बसल्या सुरू केलं. "काय समजतो काय तो स्वतःला? तीन वर्षं बापाला नाचवलं. यायचं असेल तर ये म्हणावं, नसेल तर स्पष्ट नाही सांग."

"नाही!" काका इतक्या मोठ्याने म्हणाले की मी दचकले. पाच वर्षांत त्यांचा आवाज रागाने कधी चढलेला मी ऐकला नव्हता. "तेवढं करू नका, मॅडम. मना आंडोर शे तो." माझा मुलगा आहे तो, असं त्यांनी लगेच पुन्हा आमच्या मराठीत सांगितलं. ती सटाण्याकडची बोली त्यांच्या तोंडून मी फक्त बहिणीशी बोलताना ऐकली होती.

मग ते आपणहून बोलायला लागले.

"चौतीस वर्षं मी काय केलं सांगू? त्रुटी काढल्या. ज्याचं काम करायचं असतं ना मॅडम, त्याचं पहिल्या फेरीत होतं. ज्याचं करायचं नसतं, त्याला त्रुटी लागतात. साहेब आत बोलवून सांगायचे, 'पगार, याला तोंडावर नाही म्हणता येत नाही. काढा काहीतरी.' मी काढायचो. आणि माझ्याच पोराने काढलेली त्रुटी मला ओळखू येणार नाही?"

"म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. त्याला माझा कंटाळा आलाय असं नाही हो. त्याला नाही जमत. त्याची आई गेल्यावर चार दिवस होता इथे, खोलीतून बाहेर आला नाही. हे घर त्याला सोसवत नाही. पण बापाला नाही म्हणणं पण सोसवत नाही. म्हणून काढतो बिचारा. काढू दे. तो काढतो, मी पूर्तता करतो, तेवढंच बोलणं होतं. पण सगळ्याच पुऱ्या केल्या तर त्याला नाही म्हणायला लागेल. आणि एकदा नाही म्हटलं की मग तो फोनच करणार नाही, लाजेने. म्हणून एक वायर मी सोडून ठेवली होती."

डोळ्यांत पाणी आलं ते आलंच. मी एका शनिवारी, हौसेने, गाणं गुणगुणत ती वायर जोडली होती. म्हाताऱ्याने तीन वर्षं जपलेलं माझ्या अर्ध्या तासाच्या हुशारीने मोडलं होतं, आणि वर मी आभाराच्या पत्राची वाट बघत बसले होते.

"काका, माझं चुकलं," मी म्हटलं. असं मी सहसा कोणाला म्हणत नाही.

"तुमचं काय चुकलं? मी तुम्हाला कागदावर कुठे दिलं होतं?"

मी डोळे पुसले आणि विचारलं, "स्क्रू ड्रायव्हर कुठे आहे?"

आम्ही दोघं हेमंतच्या खोलीत गेलो. झाकण मी उघडलं. वायर त्यांनी स्वतः काढली, मला काढू दिली नाही. मग मी त्यांचा फोन आणून त्यांच्या हातात दिला. त्यांनी आपणहून हेमंतला फोन कधीच केला नव्हता, तो कामात असेल म्हणून. आणि हा तर बुधवार होता. ते बराच वेळ नुसते नंबराकडे बघत राहिले, मग त्यांनी लावला.

"काय झालं, बाबा? बरे आहात ना?" हेमंतचा आवाज घाबरलेला होता.

"मी बरा आहे रे. वरिष्ठ गेला पुन्हा."

"गेला म्हणजे? त्या मॅडम तर म्हणाल्या..."

"त्यांनी केला होता. टिकला नाही. मला वाटतं, मेचं काही खरं नाही आता."

मी काकांकडे बघत नव्हते, खिडकीबाहेर बघत होते.

"बाबा," हेमंत म्हणाला.

"बोल."

"काही नाही." मग त्याने विचारलं, "चालू करताना आवाज येतो का काही? झाकण काढून बघा बरं आधी."

काकांनी खुर्ची पुढे ओढली आणि ते बसले. मी हळूच बाहेर आले, दार ओढून घेतलं. वर न जाता मी तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले. मला त्या पोराचा राग करायचा होता, तो करता येईना. आतून काकांचा आवाज येत होता, रविवारचा तो चढा, खुशीतला आवाज.

"नाही रे, घाई कसली? तू आपला सावकाश ये. इथे अजून पुष्कळ काम बाकी आहे."